आजोबांच्या खोलीतली तिजोरी

मंडळी, गेल्या महिन्यात हे सदर चुकलं. तिघाचौघांनी फोन करून विचारलं, बरं वाटलं. कारण सांगते. आमचा दांडिया बाजारातला वाडा आम्ही रिकामा करत होतो. बिल्डरला महिनाअखेरीस ताबा द्यायचा होता आणि शंभर वर्षांचा पसारा तीन आठवड्यांत उपसायचा होता. मी, माझी धाकटी बहीण आणि तिचा इंजिनिअर झालेला मुलगा, अशा तिघांनी पितळी हंडे, मोडके पाळणे, दिवाळी अंकांचे गठ्ठे आणि कोणाचे कोण ते न कळणारे फोटो यांच्यात ते दिवस काढले. दुपारी शेवउसळ मागवायची, हात धुवायचे, की पुन्हा धूळ.

आजोबांच्या खोलीत भिंतीला टेकून एक शिसवी कपाट होतं. चार हमालांनी ते हलवलं तेव्हा कळलं की त्याची मागची फळी सरकती आहे, आणि फळीमागे भिंतीत लोखंडाचं दार आहे. अडीच फूट उंच, हिरवट काळ्या रंगाचं, मधोमध पितळेची मूठ. वर कंपनीच्या नावाची पट्टी होती, पण ती घासून इतकी गुळगुळीत झालेली की इंग्रजी अक्षरांची नुसती चाहूल राहिलेली. तिजोरी! आमच्या घरात स्टीलच्या कपाटाला ‘गोदरेज’ म्हणायचं आणि त्यातल्या लॉकरला ‘तिजोरी’. खरी तिजोरी आजोबांकडे होती हे ऐकून माहीत होतं, पण ती त्यांनी केव्हाच विकली, असं आम्हाला सांगितलेलं होतं.

भाचा म्हणाला, “मावशी, ग्राइंडर आणतो. अर्ध्या तासात उघडते.”

खरं सांगते, मी ‘आण’ म्हणणारच होते. बहिणीने अडवलं. ती म्हणाली, “आधी काकूला फोन कर. आणि आत्याला. त्या दोघी नसताना ही तिजोरी उघडायची नाही.”

हे का, ते पुढे येईल. आधी ग्राइंडरचं सांगते, कारण तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या जुन्या घरात असं एखादं दार अजून असेल आणि घरात एखादा ग्राइंडरवाला भाचाही असेल.

मुलांना काही सांगायचं तर मोबाइलवर दाखवावं लागतं, म्हणून आम्ही दोघं रात्री वाचत बसलो. भाच्याला पहिल्यांदा सापडली ती विषाची गोष्ट. अमेरिकेत विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिजोरीच्या दाराच्या आत काचेच्या नळ्या बसवायची पद्धत होती. नळीत क्लोरोपिक्रिन नावाचा द्रव. पहिल्या महायुद्धात विषारी वायू म्हणून वापरलेला तोच. चोराने दार फोडलं की नळी फुटायची, चोर डोळे चोळत पळायचा. चोर गेले, बँका गेल्या, नळ्या राहिल्या. आजही तिकडे जुनी तिजोरी फोडताना एखादी नळी फुटते आणि डोळे-घसा जळत माणसं दवाखान्यात पोचतात. आमची तिजोरी विलायती बनावटीची, तिच्यात असलं काही असण्याची शक्यता फार कमी. पण भाच्याचा ग्राइंडरचा उत्साह तिथेच निम्मा झाला, आणि मी त्याला फार समजावून सांगायला गेले नाही.

उरलेला निम्मा दाराच्या पोटात काय असतं ते वाचून गेला. तिजोरीचं दार भरीव लोखंडाचं नसतं. दोन पत्रे आणि मध्ये भरण. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये तुरटी आणि लाकडाचा भुसा भरत. कारण मजेदार आहे: तुरटी तापली की तिच्यातलं पाणी सुटतं, वाफ होते, आणि बाहेर आग असली तरी आतले कागद काही वेळ तग धरतात. पुढे अनेक तिजोऱ्यांत ॲस्बेस्टॉसही आलं. त्याच्यावर ग्राइंडर चालवला तर डोळ्यांना न दिसणारे तंतू हवेत उडतात, फुप्फुसात जाऊन बसतात आणि आजार वीस-तीस वर्षांनी उगवतो. साध्या कापडी मास्कने ते अडत नाहीत. शिवाय कापताना पत्रा लालबुंद होतो. ज्या कागदांसाठी एवढा खटाटोप करायचा, तेच करपायचे.

तेव्हा ग्राइंडर राहिला. मग किल्ली शोधायची.

रिचर्ड फाइनमन हे नाव भाच्याच्या पिढीला माहीत असतं. नोबेल मिळालेले शास्त्रज्ञ. दुसऱ्या महायुद्धात लॉस अलामॉसला अणुबाँबच्या कामावर असताना सहकाऱ्यांची कुलपं उघडण्याचा त्यांना नाद होता. एका सहकाऱ्याची गुप्त कागदपत्रांची कपाटं त्यांनी उघडली, ती गणितातल्या ‘ई’ या संख्येचे आकडे लावून. गणिती माणूस दुसरा कुठला आकडा ठेवणार? म्हणजे कुलपाचा विचार करण्याआधी माणसाचा करायचा. आम्ही आजोबांचा विचार केला. तपकिरीच्या डब्या पाहिल्या, हार्मोनियमचा भाता उघडला, देवघरातल्या संपुष्टाखाली पाहिलं, लंबकाच्या घड्याळात हात घातला. एकेचाळीस किल्ल्या निघाल्या. एकही लागेना. बत्तिसावी जरा आत गेली म्हणून भाचा ती जोराने फिरवायला लागला, तेव्हा मात्र मी ओरडले.

ते बरं केलं, असं दुसऱ्या दिवशी आलेल्या चाचांनी सांगितलं. तिजोऱ्या उघडण्याचं त्यांचं काम पिढीजात. वय सत्तरीच्या पुढे. म्हणाले, “बेन, माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या तिजोऱ्यांत दुसऱ्याच किल्लीचा तुकडा अडकलेला असतो. आधी तो काढायचे पैसे, मग उघडायचे.”

पण अवजारांच्या पिशवीला हात लावण्याआधी त्यांनी तीन गोष्टी विचारल्या. घर कोणाच्या नावावर? तिजोरी कोणाची? आणि बाकीचे वारस कुठे आहेत? मिळकतीचा कागद आणि आधार कार्ड बघितल्याशिवाय ते काम धरत नाहीत. एकदा एका घरी भावाने भाऊ गावाला गेलेला असताना तिजोरी उघडून घेतली होती, आणि कोर्टात साक्ष द्यायला जावं लागलं ते चाचांना. तेव्हापासून सगळे हजर असल्याशिवाय दार ओढायचं नाही, हा त्यांचा नियम. आमची बहीण माझ्याकडे बघून नुसती भुवई उडवती झाली.

कायद्याचंही भाच्याने शोधून ठेवलं होतं आणि त्याला घाम फुटला होता. सन 1878 चा निखात निधीचा कायदा अजून लागू आहे. जमिनीत किंवा जमिनीला जोडलेल्या वस्तूत दडवलेलं, दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही सापडलं तर कलेक्टरला कळवायचं. भिंत जमिनीला जोडलेली, म्हणजे आम्ही गेलोच! आमच्या वकिलांना विचारलं. ते हसून म्हणाले, घर तुमचं, तिजोरी तुमच्या आजोबांची, वारस समोर बसलेत, इथे गुप्तधन कुठलं? मात्र सामानाची यादी करा, सगळ्यांच्या सह्या घ्या, व्हिडिओ काढा. आणि आत 2016 मध्ये बंद झालेल्या पाचशे-हजारच्या नोटांची थप्पी निघाली तर मला आधी फोन करा, कारण 2017 च्या कायद्याने दहाहून जास्त नोटा नुसत्या बाळगल्या तरी दंड आहे, नाण्या-नोटांचा अभ्यास करणाऱ्याला पंचवीसपर्यंत मुभा. आमची तिजोरी 1984 नंतर उघडलेलीच नव्हती, तेव्हा ती भीती नव्हती. पण ज्यांच्या आजीने डाळीच्या डब्यात नोटा ठेवल्यात त्यांनी लक्षात ठेवावं.

आता काकू आणि आत्या.

माझी आजी 1973 च्या दिवाळीत गेली. मी सात वर्षांची होते. तेराव्यानंतर दागिन्यांची वाटणी करायला बसले तर आजीच्या पाटल्या सापडेनात. सहा तोळ्यांची जोडी. शेवटचे आठ महिने आजीचं सगळं धाकट्या काकूने केलं होतं. अंग पुसण्यापासून औषधापर्यंत, आणि कपाटाची किल्लीही तिच्याकडेच. आत्या सगळ्यांत मोठी. ती सगळ्यांदेखत म्हणाली, “पाटल्यांना पाय फुटत नाहीत.” बस, एवढंच. काकू काही बोलली नाही. पुढच्या संक्रांतीनंतर काका-काकूंनी मांजलपूरला वेगळं बिऱ्हाड केलं. जाणं-येणं राहिलं, लग्नामुंजीत पंगतीला बसायचो, पण काकू पुन्हा त्या वाड्यात रात्री राहिली नाही, आणि आत्या असेल त्या खोलीत ती पाण्याचा पेलाही घेत नसे. आज आत्या शहाऐंशीची आहे, काकू एक्याऐंशीची.

फोन केला. आत्या लगेच येते म्हणाली. काकू म्हणाली, “तुम्ही उघडा. मला काय दाखवायचं ते नंतर दाखव.” आणि फोन ठेवला. तिच्या मुलाला तिने पाठवलं.

आत्या आली ती एक मागणी घेऊन: सर्पमित्र बोलवा. धनावर नाग असतोच, हे तिला तिच्या आजीने सांगितलं होतं. भाचा हसायला लागला तेव्हा आत्याने त्याला गप्प केलं. 14 जुलै 2024 ला पुरीच्या जगन्नाथ मंदिराचं रत्नभांडार सेहेचाळीस वर्षांनी उघडलं, तेव्हा सरकारनेही साप पकडणारे आणून उभे केले होते की नाही? टीव्हीवर बघितलं तिने. खरं आहे ते. साप मात्र निघाला नाही, आणि आतल्या खोलीची कुलपं किल्ल्या न लागल्याने तोडावी लागली. चाचा शांतपणे म्हणाले, “माजी, ह्या पेटीत साप खाईल काय?” आत्याने तो मुद्दा सोडला, पण खुर्ची दारापासून लांब घेतली.

चाचांचं काम बघण्यासारखं होतं. किल्लीच्या भोकात त्यांनी तेल घातलं नाही. शिसपेन्सिलीच्या शिशाची पूड फुंकली. तेलाने धूळ चिकटते, जुनं तेल गोंदासारखं घट्ट होतं, म्हणाले. मग दात न पाडलेली कोरी किल्ली मेणबत्तीवर धरून काजळी धरवली, आत घातली, अगदी हलकी फिरवली, बाहेर काढली. काजळीवर आतल्या पट्ट्यांचे बारीक ओरखडे उमटलेले. तिथे कानशीचे दोन हात. पुन्हा काजळी, पुन्हा आत. असं किती वेळा, मोजायचं मी सोडून दिलं. पहिल्या दिवशी संध्याकाळपर्यंत सात पट्ट्यांपैकी चार लागल्या. ड्रिल का नाही मारत, असं भाच्याने विचारलं. तर काही तिजोऱ्यांत दाराच्या आत काचेची पट्टी असते, तिला ताणलेल्या तारा बांधलेल्या. ड्रिलने काच तडकली की जादा खिट्ट्या बसतात, आणि मग अस्सल किल्ली आणली तरी दार हलत नाही. “उतावळे आंबा न पाके,” चाचा म्हणाले. बिल्डरचा माणूस ओसरीवर घड्याळ बघत बसला होता, त्याला ते ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.

तिजोरी भिंतीतून उपटून दुकानात न्यायची का, हा विचारही झाला. चाचांच्या अंदाजाने तीनशे किलोच्या खाली नसेल. खोली वरच्या मजल्यावर, जमीन सागाच्या फळ्यांची, त्यातल्या दोन वाळवीने पोखरलेल्या. चार माणसं आणि ती पेटी एका फळीवर आली असती तर खालच्या स्वयंपाकघरात उघडली असती.

दुसऱ्या दिवशी दुपारी अडीचला ‘खट्’ असा आवाज आला. कोणी बोलेना. चाचांनी दार बोटभर उघडलं आणि सगळ्यांना तोंडाला मास्क लावून मागे व्हायला सांगितलं. आतून कुबट, ओला वास आला. मग दार पूर्ण उघडून त्यांनी एक फार शहाणपणाची गोष्ट केली. मूठ फिरवून खिट्ट्या बाहेर काढून ठेवल्या. आता दार लोटलं तरी चौकटीवर अडणार, लागणार नाही. घरात माझी चार वर्षांची नात होती आणि तिची नजर त्या कपाटाएवढ्या भोकावरून हलत नव्हती. मूल आत शिरून दार लागलं तर हवा किती वेळ पुरेल, याचा विचार आमच्यापैकी कोणी केला नव्हता.

सोनं नव्हतं. आधीच सांगते, म्हणजे तुम्ही माझ्या भाच्यासारखे ताटकळायला नकोत. बडोदे संस्थानाच्या वेळचे सहा बाबाशाही रुपये होते. वाड्याचे जुने कागद, काही मोडीत, काही गुजरातीत. आजोबांचा चष्मा. कागदांवर पांढरी पूड पडलेली. ती भाचा फुंकणार तोच चाचांनी हात धरला. कसर लागू नये म्हणून जुनी माणसं डीडीटी नाहीतर गॅमेक्झिन मारून ठेवत. ओल्या फडक्याने आजूबाजूची पूड टिपली, हातमोजे घातले. खालचे कागद दमट होऊन एकमेकांना चिकटले होते. ओढून सोडवायचे नाहीत, उन्हात टाकायचे नाहीत. टीपकागदात ठेवून सावलीत, पंख्यापासून लांब, हळूहळू वाळू द्यायचे. आमच्या गठ्ठ्याला नऊ दिवस लागले.

पण एक पावती वरच होती. चष्म्याच्या घरात घडी घालून ठेवलेली, म्हणून कोरडी. यादी करताना भाच्याने ती उलगडली आणि गुजराती वाचता येतं म्हणून मोठ्याने वाचायला सुरुवात केली, काय वाचतोय हे कळायच्या आत. सावकाराची गहाणाची पावती. मे 1971. सोन्याच्या पाटल्या, नग दोन, वजन सहा तोळे. रुपये नऊशे. गहाण ठेवणाराच्या जागी आजीचं नाव. हस्ते म्हणून आजोबांची सही.

आत्याने चष्मा मागितला. पावती हातात घेतली, पुन्हा वाचली. “एकाहत्तर साल,” एवढं म्हणाली आणि उठून ओसरीवर जाऊन बसली. 1971 मध्ये आमच्या कुटुंबात कोणाच्या घरी पैशाची अडचण होती, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक आहे. इथे लिहीत नाही. आजीने ते कोणाला कळू दिलं नाही, हेही तिच्या स्वभावाला धरून होतं.

आजोबांचं मात्र मला अजून पचलेलं नाही. त्यांच्या मांडीवर बसून मी बाराखडी शिकले. तेराव्यानंतरच्या त्या दुपारी ते त्याच माजघरात बसले होते. आत्या बोलली तेव्हा त्यांनी मान वर केली नाही, हे माझ्या आईने मला सांगितलेलं आहे, आणि आम्ही समजत होतो की ते आजीच्या दुःखात होते. त्यानंतर ते अकरा वर्षं जगले. पावती फाडली नाही, दाखवलीही नाही. चष्म्याच्या घरात घालून लोखंडाच्या दारामागे ठेवली. बायकोला दिलेला शब्द असेल. लेकीची अब्रू असेल. पण सूनही त्याच घरात होती.

वाड्याचा ताबा आम्ही चार दिवस उशिरा दिला. तिजोरी रिकामी करून बिल्डरला भिंतीसकट सोडली, चाचांनी घडवलेल्या किल्लीसह.

पावती घेऊन मी मांजलपूरला गेले. काकूच्या मुलाने तिला घरी येऊन सगळं सांगितलं होतंच. तिने पावती हातात घेतली, खिडकीजवळ नेली, एकेक ओळीवर बोट ठेवून वाचली. मी काय बोलायचं ते रिक्षात ठरवून आले होते, त्यातलं काहीच आठवेना. आत्याचा निरोप होता, तोही दिला: ‘मला तुझ्याकडे यायचंय, येऊ का?’ काकूने त्याच्यावर काहीच म्हटलं नाही. हे सगळं सदरात लिहू का, असं विचारलं, तर म्हणाली, “लिही. नावं घालू नकोस.”

मग पुन्हा पावतीकडे बघत बसली. 1971 ला सोन्याचा भाव तोळ्याला दोनशेच्या आसपास होता. ती मनात हिशोब करत होती, हे मला तिच्या ओठांवरून कळलं.

“सहा तोळे,” ती म्हणाली. “आणि नऊशेच? कमी दिले मेल्याने.”

पावती घडी घालून तिने माझ्या हातात दिली नाही, स्वतःच्या कमरेला खोचली. “चहा टाक,” म्हणाली. “आलं फ्रिजमध्ये आहे, खालच्या खणात.”